मदत हवी आहे: तिन्ही चार्ज मोकळे सोडले तर समतोल टिकेल का?

नमस्कार मंडळी, मालवणात बारावीला फिजिक्स शिकवते. गणित असं: दोन विद्युत चार्ज, +4 आणि +9 मायक्रोकुलोम, मधलं अंतर 50 सेंमी. तिसरा असा ठेवायचा की तिन्हींवरचं बल शून्य. उत्तर: +4 पासून 20 सेंमीवर, −1.44 मायक्रोकुलोम. तिन्ही जागी ताळा जुळतो, तेव्हा आकडेमोड नको.

घोडं पुढे अडलंय. मधला चार्ज रेषेला लंब हलवला तर परत येतो, रेषेवर सरकवला तर जवळच्याकडे ओढला जातो. बाकीचे दोन पक्के धरून हे गाऊसच्या नियमाने (बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारा विद्युत क्षेत्राचा फ्लक्स आतल्या चार्जवर ठरतो) पटवलं: सगळ्या बाजूंनी स्थिर हवा तर त्या जागेभोवती बाहेरच्या क्षेत्राचा फ्लक्स शून्य नको, पण तिथे दुसरा चार्जच नाही. मुलं खूश.

मग एकीने विचारलं, तिन्ही मोकळे सोडले तर? अर्नशॉचं प्रमेय (1842; नुसत्या विद्युत बलांनी चार्ज स्थिर समतोलात राहू शकत नाहीत) माहीत आहे, पण त्याच्या सिद्धतेला लागणारं लाप्लासचं समीकरण यांना कुठलं! प्रयोगही सुचवू नका. इथल्या पावसाळी हवेत चार्ज दिलेल्या थर्माकोलच्या गोळ्या जेमतेम दूर होतात आणि लगेच पडतात. गुरुत्व, घर्षण धरलेलं नाही.

तिन्ही मोकळे असताना ‘एकच हलवा, बाकीचे जागेवर’ एवढा युक्तिवाद पुरतो, की तिन्ही एकदम हलण्याचा वेगळा विचार करावा लागतो?