मोहगावची निपा: एका फळावरून समुद्र मानायचा का?

सातपुडाकर
छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात निपा या ताडाच्या कुळातल्या झाडाच्या फळाचे जीवाश्म मिळाले आहेत. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आज ही निपा सुंदरबनात खाऱ्या चिखलात वाढते. माझं मत सरळ आहे: तेव्हा समुद्राची खाडी तिथवर पोचली होती आणि हवा उष्ण, दमट होती. नाहीतर निपा तिथे आली कुठून?

खडकफोड्या
घाई होतेय. आजची निपा खाऱ्या पाण्यात राहते म्हणून तिची पूर्वजही तशीच राहत होती, हे कुणी ठरवलं? त्याच छिंदवाडा पट्ट्यात अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं सापडलंय, तेच जे आता गोठ्यात चारा म्हणून वाढवतात. शिवाय लाव्हाथरांमधल्या गाळात फायसा नावाच्या गोगलगायी भरपूर. दोन्ही गोड्या पाण्यातले. निपाचं ऐकायचं आणि अझोलाला गप्प बसवायचं?

सातपुडाकर
गप्प कोण बसवतंय! खाडीच्या वरच्या अंगाला नदीचं गोडं पाणी असतंच, मागे तळीही असतात. शिवाय सगळे थर एकाच वेळचे नाहीत.

खडकफोड्या
मग अझोला असो वा नसो, तुमची खाडी शाबूतच. असा दावा खोटा ठरणार तरी कशाने?

वर्धाकाठ
खाडीवरून भांडा, पण हवामानाकडेही बघा. डिंडोरीच्या घुघुआला ताडांची दगड झालेली खोडं आहेत. ताडाला शेंड्याचा एकच कोंब, तो कडक थंडीत गोठला की झाड संपलं. म्हणजे हिवाळा सौम्य होता, एवढं खात्रीने म्हणता येतं. पण काही जण पुढे जाऊन म्हणतात, खोडात वर्षवलयं नाहीत, म्हणजे ऋतूच नव्हते. अहो, आजच्या ताडामाडाच्या खोडातही वलयं नसतात!

पानगळ
जीवाश्म पानांच्या कडा बघाव्यात. वनस्पतिशास्त्रज्ञ बेली आणि सिनॉट यांनी १९१५ मध्येच दाखवलं की उष्ण भागात सलग कडांच्या पानांच्या जाती जास्त, थंड भागात दातेरी जास्त. त्यावरून तापमानाचा आकडाही काढतात.

खडकफोड्या
आणि नदीकाठच्या झाडांत दातेरी पानं जास्त असतात, म्हणून आकडा खरा असेल त्यापेक्षा थंड येतो. जीवाश्म बहुतेक नदीतळ्याच्या गाळातच मिळतात, हे विसरू नका.

वर्धाकाठ
अजून एक: तेव्हा हा सगळा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. 'सातपुडा पूर्वी दमट होता, आता कोरडा झाला' म्हणताना त्यातलं किती हवामान बदलल्यामुळे आणि किती जमीनच उत्तरेला सरकल्यामुळे, हे आधी वेगळं करा. सातपुडाकर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ते कुठे आहे?