मदत हवी आहे: एल्डन रिंगमधल्या मारिकाला नेमकं हवं तरी काय होतं? (स्पॉइलर भरपूर)

नमस्कार मंडळी, ज्यांचा एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम आणि शॅडो ऑफ द अर्डट्री ही त्याची डीएलसी (नंतर आलेली भर) दोन्ही खेळून झालंय त्यांनीच पुढे वाचा, कारण शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.

गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, डीएलसी जून २०२४ मध्ये, आणि तरी एक गुंता काही केल्या सुटत नाहीये. रान्नी या राजकन्येने रून ऑफ डेथचा, म्हणजे मरणाच्या शक्तीचा, तुकडा चोरला, त्यातून देवांनाही मारणारे काळे सुरे तयार झाले, नाईट ऑफ द ब्लॅक नाइव्ह्जला, म्हणजे त्या सुऱ्यांच्या हत्येच्या रात्री, मारिकाचा मुलगा गॉडविन गेला, आणि त्या जगाची राणी आणि देवी असलेल्या मारिकाने एल्डन रिंग (जगाचे नियम धरून ठेवणारी शक्ती) फोडली. याचा सरळ अर्थ बरेच जण असा लावतात की पोटचा पोरगा गेला, आई दुःखाने वेडीपिशी झाली आणि तिने हातोडा उचलला. मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की त्या रात्रीमागे मारिका स्वतः होती, निदान तिला सगळं ठाऊक होतं आणि तिने होऊ दिलं. पण मग सगळ्यांना सोडून गॉडविनच का? इथे येऊन मी अडकतो आणि म्हणूनच हा धागा.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो म्हणजे तेच तेच परत यायला नको. ब्लॅक नाईफ आर्मरचं डिस्क्रिप्शन उघडा, त्यात लिहिलंय की मारेकरी सगळ्या बायका होत्या आणि त्या मारिकाशी जवळचा संबंध असलेल्या न्यूमेन (बाहेरच्या भूमीतले लोक) होत्या अशी बोलवा आहे. मारिका स्वतः न्यूमेनच, तिचा तो दगडी हातोडासुद्धा न्यूमेनच्याच भूमीत बनलेला. म्हणजे रान्नीच्या कामाला राणीच्या माहेरची माणसं कशी काय आली? दुसरं म्हणजे मारिकाची रक्षक सावली असलेल्या मालिकेथचं रिमेम्ब्रन्स (बॉसला हरवल्यावर मिळणारा आयटम). त्यात स्पष्टच म्हटलंय की मारिकाला या सावलीची गरज होती ती फक्त डेस्टिन्ड डेथ (तोच रून ऑफ डेथ) कोंडून ठेवायला, आणि एवढं करूनही तिने त्याला दगा दिला. आता मालिकेथकडे राखायला होतं काय, तर तो रून. त्याच बाबतीत दगा दिला म्हणजे चोरी तिच्या आशीर्वादाने झाली, मला तरी यातून दुसरा अर्थ निघताना दिसत नाही.

आणि टार्निश्डांचं, म्हणजे ग्रेस (दैवी कृपा) गमावलेल्या योद्ध्यांचं, काय? आपली सोबतीण मेलिना चर्चमध्ये मारिकाचे जुने बोल ऐकवते त्यात मारिका आपला नवरा गॉडफ्री आणि त्याच्या योद्ध्यांची ग्रेस काढून घेते, त्यांना दूरदेशी लढायला आणि मरायला पाठवते, आणि मेल्यावर पुन्हा ग्रेस देऊन परत बोलावणार असंही सांगते. म्हणजे कधीतरी इथे परत येऊन कुणालातरी पाडायला लागणार हे तिने रिंग फुटायच्या कितीतरी आधी ठरवलेलं होतं. असं आखून चालणारी बाई एका रात्रीच्या दुःखात हातोडा उचलेल?

पण गॉडविन. गॉडफ्रीपासून झालेला, सोन्यासारखा, सगळ्यांचा लाडका, आणि त्याचं जे झालं ते मरणसुद्धा धड नाही. रान्नीचं शरीर मेलं आणि त्याचा आत्मा मेला, दोघांच्या अंगावर शापाच्या चक्राची अर्धी अर्धी खूण, आणि उरलेलं धड अर्डट्री या सोनेरी महावृक्षाच्या मुळाशी सडून फुगून प्रिन्स ऑफ डेथ झालं. गोल्डन एपिटाफ तलवारीवर एका लहान मुलाची प्रार्थना आहे, दादा तुला खरं मरण येऊ दे म्हणून. ते वाचल्यावर मी गेम पॉज करून बसलो होतो. हे जर त्याच्या आईने ठरवून केलं असेल तर कशासाठी?

डीएलसीने गुंता आणखी वाढवला. शॅडो कीपमध्ये मारिकाच्या मूर्तीपुढे ओ मदर जेश्चर करून जो रस्ता उघडतो त्याने शामन व्हिलेजला, मारिकाच्या मूळ गावी, जा. एक शत्रू नाही, नुसती फुलं आणि रिकामी घरं. तिथे गोल्डन ब्रेड (Braid) म्हणजे मारिकाने कापून आजीला वाहिलेली वेणी मिळते, आणि मायनर अर्डट्री नावाचं इन्कँटेशन (मंत्र), ज्यात म्हटलंय की बरं करायला कुणीच उरलेलं नाही हे पक्कं माहीत असूनही तिने गाव सोन्याच्या उजेडाने भरलं. तिच्या माणसांना हॉर्नसेंट या जमातीने कापून माठांत कोंबलं होतं. म्हणून आपला मुलगा मेस्मर याला पाठवून कत्तल केली, हे समजतं. पण गॉडविन आणि रिंग फोडणं याला यातून कसं जोडायचं?

बरं, बंड ग्रेटर विल या सगळ्यांच्या वरच्या शक्तीविरुद्ध म्हणावं तर काउंट इमिर वेगळंच सांगतो. टू फिंगर्सची, म्हणजे ग्रेटर विलचा निरोप सांगणाऱ्या बोटांची, आई मेटिर, तिलाच ग्रेटर विलने कधीचं सोडून दिलेलं, ती मोडकी होऊन पुढच्या निरोपाची वाट बघत बसलेली. वरून आदेशच येत नव्हते तर मारिका भांडत कुणाशी होती?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्यातल्या निम्म्या थिअरी एकमेकांच्याच कॉपी आहेत. गेममधला आयटम, डायलॉग, मूर्ती, जागा असं काहीतरी द्या जे मी स्वतः जाऊन बघू शकेन.

प्रतिसाद:

आर्मरवाल्या मुद्द्याला थोडा ब्रेक लावतो. डिस्क्रिप्शनमध्ये बोलवा आहे असंच आहे, आणि या गेममध्ये जिथे अफवा म्हणून लिहितात तिथे मुद्दाम जागा सोडलेली असते. याउलट रॉजिएरची क्वेस्ट करून ब्लॅक नाईफप्रिंट घेऊन रान्नीकडे गेलात तर ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते, तुकडा मी चोरला, सुरे मी घडवले, आणि त्यात मारिकाचं नावही घेत नाही. तिला कारणही पुरेसं होतं, ती एम्पिरियन, म्हणजे पुढची देव व्हायला टू फिंगर्सनी निवडलेली, आणि त्या शरीरात राहिली असती तर त्यांच्या तालावर नाचावं लागलं असतं. म्हणून शरीर मारायचं आणि आत्मा वाचवायचा. त्यासाठी त्याच वेळी दुसऱ्या कुणाचा तरी आत्मा मरायला हवा, शरीर नाही. माझ्या मते गॉडविन हा रान्नीच्या हिशेबातला दुसरा अर्धा भाग आहे, मारिकाच्या नाही.

मालिकेथचं मात्र मान्य, दगा या शब्दाला माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद:

भांडत कुणाशी होती या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं डीएलसीनेच दिलंय, फक्त मिकेलाच्या, म्हणजे देव होऊ पाहणाऱ्या मारिकाच्या मुलाच्या, निमित्ताने. स्टोन कॉफिन फिशरच्या तळाशी सेंट ट्रिना आहे, मिकेलाने टाकून दिलेला त्याचाच अर्धा भाग. तिचं नेक्टर प्यायलं की आपण मरतो, पण पीत राहिलं की ती बोलायला लागते, आणि सांगते काय तर देवपण हा मिकेलाचा तुरुंग होईल, त्याला देव होऊ देऊ नका, त्याला मारा. मिकेलाने वाटेत एकेका क्रॉसपाशी काय काय टाकलं बघा, शरीर, डोळा, शंका, भीती, आणि प्रेमसुद्धा. एनिर-इलिममधल्या देव होण्याच्या दारातून मारिका त्याच्या आधी गेलेली आहे. तो जे होऊ पाहतोय ते ती होऊन बसली आहे. तिला वरून कुणी काही सांगत असो वा नसो, एल्डन रिंग तिच्याच आत आहे. म्हणजे बंड असेल तर ते स्वतःच्या देवपणाशी.

आता यात मारिकाचा दुसरा नवरा राडागॉन घाला. लेंडेलमध्ये त्याच्या मूर्तीपुढे लॉ ऑफ रिग्रेशन टाका (इंटेलिजन्स ३७ लागतो, तेवढ्यासाठी रीस्पेक केला तरी चालेल), मूर्ती बदलून मारिकाची होते. मेलिना ऐकवते त्या एका बोलात मारिका राडागॉनलाच म्हणते की आपण दोघंही फुटूया. एका शरीरातला एक जण रिंग फोडतोय आणि दुसरा तोच हातोडा घेऊन जोडायला बघतोय. तिला मरायचं होतं असं मी म्हणतो, आणि डेस्टिन्ड डेथ कुलूपबंद असताना देवाला मरण नाही. तो रून बाहेर निघाला पाहिजे होता, कुणाच्या हातून निघतो हे तिच्या लेखी दुय्यम.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार, अशाच उत्तरांसाठी धागा काढला होता. देवपणाशी बंड हे मला फार पटलं, त्याने इमिरचं बोलणंही अडचणीचं राहत नाही, उलट मदतच होते, कारण इमिर म्हणतो की मारिका आणि तिला वाट दाखवणारी बोटं दोघंही पहिल्यापासूनच बिघडलेली होती. बघायला वर कुणीच नाही, मोडता येण्यासारखं आहे ते फक्त आपल्या आतलं.

शामन व्हिलेजही मला आता वेगळं दिसतंय. माठांत कोंबलेल्या शामन बायकांबद्दल टूथ व्हिप या चाबकावर लिहिलंय की त्यांचं मांस दुसऱ्यांच्या मांसाशी सहज एकजीव होतं. मारिका त्यांच्यातलीच. तिच्या अंगात रिंग बसली, राडागॉन बसला, म्हणजे ज्यातून ती सुटून आली तेच पुन्हा तिच्या वाट्याला आलं, फक्त यावेळी माठ ती स्वतः झाली. हे माझं अनुमान आहे, थेट पुरावा माझ्याकडे नाही, पण मायनर अर्डट्रीच्या डिस्क्रिप्शनमध्ये ऑर्डरशिवायचं सोनं, नुसती माया, असं आहे ते याच्याशी जुळतं.

रान्नीच्या हिशेबातला अर्धा भाग या मुद्द्यावर मात्र पूर्ण सहमत नाही. रान्नीला कुणाचातरी आत्मा हवा होता हे ठीक, पण डेमिगॉड (मारिकाच्या घराण्यातली देवाची मुलं) कितीतरी होते. ती गॉडविनच निवडते आणि मारिकाच्या जवळच्या बायका आपल्या राणीच्या मुलावर सुरा चालवायला तयार होतात, हे राणीच्या नकळत होणं मला अवघड वाटतं. मेलिना ऐकवते त्यात मारिका आपल्या मुलांना सांगतेच की लॉर्ड व्हा, देव व्हा, पण काहीच झाला नाहीत तर टाकले जाल आणि बळी ठराल. गॉडविन लोकांचा लाडका होता, एका ड्रॅगनला हरवून त्याच्याशी दोस्ती केली, पण एम्पिरियन नव्हता. बळी म्हणजे हाच का?

तर उरलेली मदत एवढीच. कुणाचा सेव्ह फिया या पात्राच्या क्वेस्टच्या मध्यावर असेल तर डीपरूट डेप्थ्समध्ये तिचे सगळे डायलॉग संपेपर्यंत बोलून बघा आणि गॉडविनच्या निवडीबद्दल ती काही सुचवते का ते इथे टाका. माझ्या सेव्हमध्ये ती क्वेस्ट संपलीये आणि न्यू गेम प्लसमध्ये तिथवर पोचायला मला वेळ लागेल. कॅसल सोलच्या बाजूचे ग्रहणाशी संबंधित आयटमही कुणी नीट वाचले असतील तर लिहा, त्यात आत्मा नसलेल्या डेमिगॉडचा उल्लेख आहे आणि तो धागा मी अजून धरलेला नाही.