ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी १७ नंबर की एनआयओएस? मदत हवी आहे

आमच्या भागात (बीड) आठवी-नववीत शाळा सुटलेली १५-१६ वर्षांची सात मुलं-मुली आहेत. दिवाळीनंतर कोयत्यावर (ऊसतोडीला) जातात, पट्टा पडल्यावरच (कारखान्याचा हंगाम संपल्यावरच) परततात. दहावी करून घ्यायची आहे.

१७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता राज्य मंडळाची दहावी देण्याचा) भरला तर बोर्डाची परीक्षा ऐन हंगामात, मार्चमध्ये. शिवाय तोंडी परीक्षेला संपर्क केंद्रावर वेगळं यावं लागतं. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असताना दोनदा सुट्टी कोण देणार? एनआयओएसमध्ये (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) पाच विषय पाच वर्षांत सुटे सुटे देता येतात, म्हणून तिकडे कल आहे. पण गृहपाठाला २० टक्के गुण असतात, तो फडावर (उसाच्या शेतात) लिहून घेणार कोण, ही अडचण.

दोघांच्या जन्मतारखेत घोळ आहे: दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. आधी आधार दुरुस्त करावं की शाळेच्या जनरल रजिस्टरवरून चालावं?

विचारायचं एवढंच:
१. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या एनआयओएस परीक्षेत आधी दोनच विषय दिले तर कोणते? मराठी आणि गृहविज्ञान डोक्यात आहे.
२. विज्ञान टाळलं तर पुढे आयटीआयला कुठल्या ट्रेडमध्ये अडतं?

चौदा वर्षांच्या आतल्यांचं विचारत नाही, त्यांना हंगामी वसतिगृह आहे.