मदत हवी आहे: जागतिक पर्यावरण राजकारणाचा पेपर शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पारसिक_बोगदा
सोमवारपासून हा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. शिकवणाऱ्या मॅडम रजेवर गेल्या आणि विभागप्रमुख म्हणाले, "तुमचं आंतरराष्ट्रीय संबंध चांगलं आहे, तुम्हीच घ्या." झालं! सिलॅबस म्हणजे वाणसामानाची यादी: स्टॉकहोम, रिओ, क्योटो, पॅरिस, शाश्वत विकास, भारताची भूमिका. ओळीने एकेक परिषद घेत गेलो तर दुसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा, हे आत्ताच दिसतंय. कुणी शिकवलंय का हे? सुरुवात कुठून करू? 'गुगल करा' सांगू नका, करून झालंय.

एमए_झालेली
वर्ग कोणता? बी.ए. की एम.ए.? मुलं उत्तरं मराठीत लिहितात का? क्रेडिट किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

सानिकाची_आई
सोपा असतो हो हा पेपर. सुप्रीम कोर्टाच्या १९९१च्या आदेशानंतर सगळीकडे सक्तीचा झालाय. माझ्या मुलीने ओला कचरा-सुका कचरा विषय घेतला होता. सोसायटीतले फोटो, सेक्रेटरींची मुलाखत आणि शेवटी घोषवाक्यं. चांगले मार्क पडले. वहीची पीडीएफ पाठवू का?

पारसिक_बोगदा
ताई, तो पर्यावरण अभ्यास, सगळ्या शाखांना असतो तो. हे राज्यशास्त्र आहे. एम.ए., दुसरं सत्र, चार क्रेडिट, ठाण्यातलं कॉलेज. वर्गात दहा-बारा मुलं असतात, निम्मी नोकरी करून येतात. बहुतेक जण मराठीत लिहितात. आता तरी सांगा कुणीतरी.

निवृत्त_नौपाडा
परिषदा कंटाळवाण्या नसतात, शिकवणारे असतात. स्टॉकहोमपासूनच सुरू करा. १९७२ साली तिथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली, तिला यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर एकाच देशाचा पंतप्रधान हजर होता: इंदिरा गांधी. गरिबी हटवल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, हा त्यांचा मुद्दा. मग १९९१मध्ये दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण विचारतात, भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंतांच्या गाड्यांचा धूर एकाच तागडीत कसा तोलता? १९९२ला रिओमध्ये 'समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या' हे तत्त्व येतं, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची, पण श्रीमंत देशांची जास्त. भारत पन्नास वर्षं एकच बाजू मांडतोय आणि दर परिषदेत समोरचे बदलतायत. हा धागा हातात धरला की वर्ष पाठ करावी लागत नाहीत. मी हे बरीच वर्षं शिकवलंय.

खाडीकाठी
काका, मुलं ठाण्याची आहेत, स्टॉकहोमची नाहीत. खाडीपासून सुरुवात करा! ठाणे खाडी २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास. इराणमधल्या रामसरला १९७१ साली झालेला करार आणि ऐरोलीच्या पुलावरून दिसणारे फ्लेमिंगो, याहून जिवंत उदाहरण कुठलं? वर्गाची सहलच काढा.

घाईतला_घणसोलीकर
ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला बोट जाते, तिची तिकिटं ऑनलाइन मिळतात का?

खाडीकाठी
मिळतात. पण आधी भरतीची वेळ बघा, ओहोटीला बोट निघत नाही. टोपी घ्या.

निवृत्त_नौपाडा
पक्षी बघणं हा राज्यशास्त्राचा तास नाही. रामसरच्या यादीत जागा सुचवतं ती आपलंच सरकार. करार मोडला तर दंड नाही, शिक्षा नाही. मग सरकारं सह्या का करतात आणि त्या सहीचा स्थानिक लोकांना कोर्टात उपयोग होतो का, हे विचारणार असाल तर खाडी घ्या. नाहीतर सहल ती सहल.

घड्याळी_तास
सर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत का? असतील तर एवढा जीव जाळू नका. पैसे तासाचे मिळतात, तयारीचे नाही, आणि तेही कधी मिळतील ते देव जाणे. मागच्या पाच वर्षांचे प्रश्न काढा, नोट्स द्या, मोकळे व्हा.

पारसिक_बोगदा
सीएचबीवरच आहे. म्हणूनच घाई आहे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळायचं असतं. फ्लेमिंगो मला नकोत. राजकारण दिसेल असं काहीतरी द्या.

उरणकर
मग न्हावाशेवाला या. मी कस्टम्स क्लिअरिंगमध्ये आहे. वंगणतेल म्हणून कागदावर आलेले १३३ कंटेनर जेएनपीटीत पडून होते, आत निघालं घातक टाकाऊ तेल. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २००५मध्ये ते जाळून नष्ट करायला सांगितलं, खर्च आयातदारांवर. बेसल करार १९८९चा. घातक कचरा पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती हवी, असं तो म्हणतो. अमेरिकेने सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही. बंदरात पेटी उघडली की कागद एक बोलतो आणि वास दुसरंच सांगतो. सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट येईपर्यंत पेटीचं भाडं चढत राहतं, आणि मूळ पाठवणारा फोन उचलत नाही. तुमच्या मुलांतली कुणी ना कुणी जेएनपीटीच्या बाजूला कामाला असेलच, विचारून बघा.

निवृत्त_नौपाडा
उदाहरण चांगलं आहे, पण हा कायद्याचा तास झाला.

उरणकर
कचरा कुठल्या देशातून निघतो, कुठल्या देशात उतरतो आणि परत का जात नाही, हे कायद्यात कुठे लिहिलंय साहेब?

गॅसवाला_कोपरखैरणे
मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही, एसीची कामं घेतो. पण तुमचा विषय रोज हातात असतो. एसीच्या बाहेरच्या युनिटवर लेबल असतं, त्यावर गॅसचं नाव. जुन्यावर आर-२२, मधल्यावर बहुतेक आर-४१०ए, नव्यावर आर-३२. माझ्या वडिलांच्या काळी फ्रिजमध्ये आर-१२ भरायचे. हे बदल आम्ही हौसेने केलेले नाहीत. ओझोनचा थर वाचवायच्या १९८७च्या माँट्रियल करारामुळे आधी आर-१२ गेला, आता आर-२२ चाललाय. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवतो, म्हणून २०१६ला किगालीत त्या जातीच्या गॅसवरही मर्यादा ठरली. भारताला २०२८पासून वापर गोठवायचा आहे. ट्रेनिंगला सांगितलं होतं, तेवढंच ठाऊक.

एमए_झालेली
यापासूनच सुरू करा!! भारत आणि चीनने माँट्रियल करारावर लगेच सही केली नव्हती. पर्यायी गॅसचा आणि नव्या यंत्रांचा खर्च कोण देणार, असा प्रश्न होता. १९९०मध्ये लंडनला विकसनशील देशांसाठी निधी ठरला, मग १९९२ला भारत आला. म्हणजे पैशाची सोय झाली तेव्हा करार चालला. आता पहिल्याच तासाला विचारा, ओझोनला जमलं ते हवामानाला का जमत नाही?

निवृत्त_नौपाडा
उदाहरण फसवं आहे. सीएफसी (आर-१२सारखे गॅस) बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय त्यांच्याच हातात होता. कोळसा, तेल, सिमेंट, भातशेती यांचं तसं नाही. मुलांना वाटेल निधी दिला की काम झालं.

एमए_झालेली
सर, तुम्ही आत्ता दिलंत तेच उत्तर मुलांनी शोधायचं. मग पैशाची बाजू पुढे न्या. २००९ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलरचा शब्द दिला, २०२०पर्यंत. तो उशिरा पाळला गेला. २०२४ला बाकूच्या हवामान परिषदेत २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले आणि भारताने तिथेच जाहीर हरकत घेतली. अंतर्गत गुणांसाठी आमच्या सरांनी वाटाघाटीचा खेळ घेतला होता. प्रत्येकाला एक देश, आधी 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन'चे परिषदांवरचे रोजचे अहवाल वाचून यायचे (१९९२पासूनचे फुकट मिळतात), मग दोन तास भांडायचं. मराठीत भांडलो. मला सौदी अरेबिया आला होता. दर मुद्द्यावर आधी प्रक्रियेची हरकत घ्यायची, एवढंच केलं आणि सगळ्यांना रडवलं. हुशार मुलांना भारत देऊ नका, ते भाषण ठोकत बसतात. तुवालूसारखा चिमुकला बेटदेश द्या.

घाईतला_घणसोलीकर
बोट फुल आहे दोन्ही रविवारी.

सानिकाची_आई
सर, पीडीएफ पाठवली आहे व्यक्तिगत निरोपातून. मुखपृष्ठाची कल्पना घेता येईल.

पारसिक_बोगदा
आभारी आहे ताई.
बाकी ठरलं. आमच्याकडे एसी फक्त प्राचार्यांच्या केबिनला आहे, पण युनिट मागच्या जिन्यातून दिसतं. पहिल्या तासाला मुलांना तिथे नेतो, लेबल वाचायला लावतो. नंतर माँट्रियल, मग १३३ कंटेनर, मग रिओ ते बाकू. उरणकर, त्या निकालावर मुलांशी अर्धा तास बोलाल का? मानधन नाही, चहा आहे. नौपाडावाले सर, भारताच्या भूमिकेवर मराठीत नोट्स असतील तर द्या ना.

उरणकर
शनिवारी चालेल. चहा माझ्याकडून.

निवृत्त_नौपाडा
पॅरिसपर्यंतच्या आहेत, हाताने लिहिलेल्या. फोटो वगैरे पाठवायला मला जमत नाही. संध्याकाळी सहानंतर घरी या, झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत द्या. मागच्या वेळी एका मुलाने नेली ती गेलीच. आणि स्टॉकहोम वगळू नका.