“चुकून लागलेला शोध” म्हणणं आता बंद करूया का?

खटपट्या

परवा भाचीनं भाषणाची वही पुढ्यात टाकली, मामा बघ ना बरोबर आहे का. विषय “अपघातानं लागलेले शोध”. वेल्क्रो, मायक्रोवेव्ह, त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या, अशी सात-आठ नावं आणि प्रत्येकाखाली दोन दोन ओळी. पहिलंच वाक्य, “जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन फिरायला गेला, काटेरी बोंडं चिकटली आणि वेल्क्रोचा शोध लागला.”

चूक एकही नाही आणि तरी वाचून मला राग आला. बोंडं चिकटली १९४१ साली आणि पेटंट मिळालं १९५५ ला, मग मधली चौदा वर्षं कुठं गेली? त्यानं ती बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा टोकाशी बारीक आकडे दिसले, इथपर्यंत ठीक, पण तसले आकडे कापडावर आणायचे कसे? सुती करून बघितले, ते लगेच झिजले. मग नायलॉन, ते गरम करून त्याचे फास कडक करायचे, आणि मग प्रत्येक फास नेमक्या जागी कापायचा, तोही मशिनवर. आम्ही दोघांनी तिच्या बुटाचा पट्टा भिंगाखाली धरला, एका बाजूला मऊ गुंतवळ आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं आकडे. तिला म्हटलं नीट बघ, आकडा म्हणजे एका बाजूनं कापलेला फासच आहे. बराच वेळ भिंग सोडेना पोरगी.

चिठ्ठ्यांचंही तेच. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये घट्ट गोंदाऐवजी कच्चा गोंद मिळाला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचा उपयोग काय हे कुणालाच सुचत नव्हतं आणि हा माणूस वर्षानुवर्षं ऑफिसात प्रत्येकाला तो गोंद दाखवत फिरला. १९७४ मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला प्रार्थनेच्या पुस्तकातले खुणेचे कागद गळून पडू नयेत म्हणून तो गोंद आठवला, आणि अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला १९८० उजाडलं. बारा वर्षांच्या चिकाटीला अपघात म्हणायचं?

माझं मत, असल्या दोन ओळींच्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत, सांगायची तर पूर्ण सांगा. तुम्हाला काय वाटतं?

मनमोकळी

साफ असहमत. पूर्ण गोष्ट ऐकायला आधी माणूस थांबला पाहिजे ना, आणि तो थांबतो त्या दोन ओळींमुळेच. माझ्या मुलाला मी सहज म्हटलं की पेन्सिलीत शिसं नसतं, तर तो लगेच, मग शिसपेन्सिल का म्हणतात? आता बसा शोधत! इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा साठा सापडला, लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं, आणि ती चूक आपल्या मराठी शब्दात आजही बसून आहे. पुढे १७९५ मध्ये फ्रान्सच्या काँतेने ग्रॅफाइटच्या पुडीत माती कालवून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ आणि काळी, एच आणि बी म्हणजे तेच. मग मुलाने दोन्ही पेन्सिली घेऊन एकाच कागदावर रेघा ओढून बघितल्या. हे सगळं सुरू झालं एका ओळीवरून.

आणि खोडरबर घ्या. रबर हे नावच मुळात इंग्रजीत घासणं या क्रियेवरून पडलं, जोसेफ प्रीस्टलीने १७७० मध्ये लिहून ठेवलंय की या पदार्थाने पेन्सिलीच्या खुणा छान निघतात. म्हणजे वस्तूला नाव कामावरून मिळालं आणि आपण त्याला पुन्हा “खोड” जोडलं. एवढ्याशा माहितीने मला दिवसभर आनंद दिला, तो तुम्ही का काढून घेताय?

सदाशंका

ताई, आनंदाला कुणाचीच ना नाही, पण या दोन ओळी निम्म्या वेळा खोट्या असतात त्याचं काय? सगळ्यात जास्त फिरणारी गोष्ट बघा, नासाने अंतराळात चालणाऱ्या पेनावर लाखो डॉलर उधळले आणि रशियनांनी साधी पेन्सिल वापरली. खरं तर ते पेन पॉल फिशरने स्वतःच्या कंपनीच्या पैशाने बनवलं, नासाने नंतर तयार माल विकत घेतला. आधी दोघंही पेन्सिलीच वापरत होते, पण टोक तुटलं की तुकडा तरंगत राहतो, ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि लाकूड पेटतं. १९६९ मध्ये रशियनांनीही तेच पेन घेतलं. पण हे सांगितलं की लोक म्हणतात जाऊ दे ना, गोष्ट छान आहे!

टायपिस्टचा वेग कमी व्हावा म्हणून कीबोर्डवरची अक्षरं विस्कटली, हेही तसंच. इंग्रजीत ई आणि आर ही जोडी सारखी लागते, ती कीबोर्डवर शेजारी शेजारी आहे. वेगच मारायचा असता तर ती दोन टोकांना नसती का ठेवली?

म्हणून मी खटपट्यांच्याही पुढे जातो, खात्री नसेल तर फॉरवर्डच करू नका.

मनमोकळी

तुमची ई-आरची गोष्ट पण दोन ओळींचीच आहे हो सदाशंका, आणि मला ती जन्मभर लक्षात राहील. म्हणजे प्रॉब्लेम लांबीचा नाहीच.

रात्रपाळीवाला

उशिरा आलो. मी थोडा मधला. पेपरक्लिपचं बघा. नॉर्वेच्या योहान वोलरने क्लिप शोधली असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, १९०१ चं पेटंट आहेच त्याचं. पण त्याच्या क्लिपला आतला शेवटचा वेढा नव्हता, आणि आपण वापरतो तो “जेम” प्रकार त्याआधीपासूनच बाजारात होता. नॉर्वेत १९८९ मध्ये त्याच्या सन्मानार्थ भलीमोठी क्लिप उभारली तीसुद्धा जेमच्याच आकाराची. गोष्ट खोटी, सदाशंकांचं म्हणणं बरोबर.

पण दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेत जर्मन सत्ता होती तेव्हा लोक कोटाला पेपरक्लिप लावून फिरायचे, आम्ही एकत्र बांधलेले आहोत या अर्थाने, हे खरं आहे. मला हे कधी कळलं, तर ती खोटी गोष्ट खरी आहे का ते तपासताना. मग ती खोटी गोष्ट माझ्यापर्यंत आली नसती तर बरं झालं असतं का, मला नाही वाटत.

खटपट्या

@मनमोकळी, लांबीचं पटलं. मागे घेतो. पण “अपघातानं” या शब्दावर मी अजून ठाम आहे. मायक्रोवेव्हच्या गोष्टीत पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं एवढंच सांगतात. १९४५ ची गोष्ट, रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीवर, काम करणारा माणूस तो, त्यानं लगेच मक्याचे दाणे आणून समोर धरले, ते फुटले, मग अंडं ठेवून बघितलं. चॉकलेट वितळणं अपघात असेल हो, मक्याचे दाणे मागवणं नाही! आणि १९४७ चं पहिलं विक्रीचं मशिन माणसाएवढं उंच आणि सव्वातीनशे किलोच्या वर, ते ओट्यावर मावेल एवढं व्हायला आणखी वीस वर्षं लागली.

सदाशंका

मक्याच्या दाण्यांना +१.

खटपट्या

भाचीनं रात्रीच वही परत नेली. सात नावं खोडली, फक्त वेल्क्रो ठेवलंय, आणि भिंग शाळेत न्यायचं म्हणतेय.

मनमोकळी

नेऊ द्या की. पण पहिलं वाक्य कुत्र्याचंच राहू द्या हं.