मोगलीचा बालू आणि 'टेलस्पिन'मधला बालू एकाच कंपनीचे का?

प्रश्न : पेंचकाठची शिक्षिका (रामटेक तालुका)
नमस्कार. आमच्या गावापासून पेंचचे जंगल लागते आणि पलीकडे शिवनी जिल्हा, ज्याचे नाव किपलिंग यांच्या मोगलीकथांत येते. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी एका ओसरीवर अर्धे गाव दूरदर्शन पाहायला जमत असे. तेथे बालू अस्वल मी दोन रूपांत पाहिले : मोगलीसोबत रानात, आणि 'टेलस्पिन'मध्ये विमान चालवताना. दोन्ही मालिका डिस्नेच्याच होत्या का? आणि 'टेलस्पिन'चे काही भाग फार सफाईदार, तर काही साधे का वाटत असत? वर्गातल्या मुलांना मला नीट उत्तर द्यायचे आहे.

उत्तर : तुमसरचा वाचक
ताई, मोगलीची ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची होती. 'टेलस्पिन' मात्र डिस्नेच्या दूरचित्रवाणी विभागाची. १९६७च्या डिस्ने चित्रपटातला बालू आणि शेरखान उचलून त्यांनी नवीच गोष्ट रचली.

हा विभाग १९८४चा. त्या वर्षी मायकेल आयस्नर कंपनीचे प्रमुख झाले. डिस्नेचा टीव्हीवर कार्यक्रम १९५४पासून होता, पण टीव्हीसाठीच काढलेली कार्टून मालिका नव्हती. ते क्षेत्र हॅना-बार्बेरासारख्या कार्टून कंपन्यांनी, कमीत कमी चित्रांत काम भागवून, व्यापले होते. आयस्नर यांनी त्यात उतरायचे ठरवले आणि १४ सप्टेंबर १९८५ रोजी 'गमी बेअर्स' व 'वझल्स' या दोन मालिका एकाच दिवशी, दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर सुरू झाल्या. माझ्या मते खरे धाडस १९८७च्या 'डकटेल्स'चे होते. ती एका वाहिनीला न देता अमेरिकाभरातल्या स्थानिक टीव्ही केंद्रांना विकली गेली, आणि आठवड्याचे पाच दिवस तेरा आठवडे पुरावी म्हणून एकदम ६५ भाग करावे लागले.

उत्तर : चित्रकला शिक्षक (आर्णी)
सफाईतल्या फरकाचे मूळ या ६५ भागांतच आहे. कथा, पात्रांची रेखाटने आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत होई. आवाज आधी आणि चित्रे नंतर, म्हणजे ओठांची हालचाल संवादाशी जुळते. प्रत्यक्ष हजारो चित्रे काढण्याचे काम मात्र परदेशी जात असे. 'डकटेल्स'च्या पहिल्या पर्वाचे काम टोकियोच्या टीएमएस या ॲनिमेशन स्टुडिओकडे होते. पुढे डिस्नेने सिडनी, टोकियो आणि पॅरिस येथे स्वतःचे स्टुडिओ उभे केले, तरीही काम मावेना, म्हणून 'टेलस्पिन'चे भाग निरनिराळ्या देशांतल्या स्टुडिओंमध्ये वाटले गेले. हात बदलला की रेघ बदलते, आणि ताई, तुमच्या डोळ्यांनी लहानपणीच ती ओळखली याचे मला फार कौतुक वाटते. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पाट्यांत त्या स्टुडिओचे नाव असते. मुलांना ते शोधायला सांगा.

उत्तर : तुमसरचा वाचक
सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. १० सप्टेंबर १९९० पासून अमेरिकेत 'डिस्ने आफ्टरनून' हा दोन तासांचा कार्टून कार्यक्रमांचा पट्टा सुरू झाला. 'गमी बेअर्स', 'डकटेल्स', 'रेस्क्यू रेंजर्स' आणि 'टेलस्पिन' हे चार अर्धे तास त्यात ओळीने लागत. म्हणजे तेथल्या मुलांचा बालू शाळा सुटल्यावरचा होता. रविवार सकाळचा बालू हा आपल्या ओसरीवरचा.