मदत हवी आहे : अण्णांचं व्हेंटिलेटर, कुणाशी बोलावं?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीकडचे. वडील, आमचे अण्णा, वय 81, अकरा दिवसांपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर आहेत. मेंदूत रक्तस्राव झालाय. रात्री दोनला आयसीयूच्या दारात माझ्यासमोर फॉर्म धरला, "गळ्याला छिद्र पाडायचंय, सही करा." वाचायला चष्मासुद्धा जवळ नव्हता. धाकटा म्हणतो सगळं करा, आई म्हणते त्यांचे हाल थांबवा. अण्णा स्वतः वावरात बसून कितीदा म्हणायचे, "मला नळ्यांत ठेवू नका रे." पण लिहून काही ठेवलं नाही.

बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटचे जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात 2023 मध्ये बदल झाले. त्यानुसार आधी दवाखान्याचं डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असलेलं दुय्यम मंडळ, दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. अशा निर्णयात घरच्यांना मदत करणारी नैतिकता समिती आहे का, असं इथं दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, ती फक्त औषधांच्या चाचण्यांसाठी असते.

मराठवाड्यात कुठल्या दवाखान्यात घरच्यांना शांतपणे समजावून सांगणारी अशी समिती आहे का? लिहून ठेवलेलं नसताना ही मंडळं कुणी बसवून घेतलीत का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, उद्या पुन्हा सही मागणार आहेत.